आजीचे गुडघे आणि छातीभर पाणी

आषाढातला एक दिवस डोळ्यांपुढे आणा. तोरण्याचा माथा ढगांत बुडाला आहे. वेल्ह्याच्या खोऱ्यात भातखाचरे पाण्याने तुडुंब भरली आहेत. चिखलणी आटोपली आहे आणि पाठीवर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेतलेल्या बायका रांगेने भाताची रोपे लावीत मागे मागे सरकत आहेत. भोर तालुक्यातही हेच दृश्य. या रांगेत साठी ओलांडलेल्या आजीही असतात. त्यांचे पाय दिवसभर पाण्यात असतात. पण संध्याकाळी घरी आल्यावर त्याच आजी गुडघ्यांना तेल चोळीत म्हणतात, "आता उभं राहवत नाही रे बाळा!"

आता दुसरी गोष्ट ऐका. गुडघे दुखणाऱ्या वृद्ध माणसांना डॉक्टर पुष्कळदा सांगतात, "पाण्यात चाला, पाण्यात व्यायाम करा." इतकेच नव्हे, तर अशा व्यायामाने स्मरण आणि विचार करण्याची शक्ती टिकण्यास मदत होते काय, याचाही शास्त्रज्ञ शोध घेत आहेत.

मग कोडे असे, की जिने जन्मभर पाण्यात उभे राहून काम केले, त्या आजीच्या गुडघ्यांना पाण्याचा फायदा का झाला नाही? या कोड्याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. चला, ते शोधू या.

दगड हलका का होतो?

एक ताणकाटा घ्या. त्याला अर्ध्या किलोचा काळा दगड दोरीने बांधून टांगा. आता दगड बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावरचे वजन सुमारे एक-तृतीयांशाने कमी झालेले दिसेल. दगड अर्धाच बुडवला तर घटही साधारण निम्मीच होते.

हे आर्किमिडीजचे तत्त्व होय. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या बलाने पाणी तिला वर ढकलते. तुमचे आजोबा लहानपणी कमरेला सुके भोपळे बांधून विहिरीत पोहायला शिकले असतील, तर तेही याच तत्त्वाच्या आधाराने. भोपळा स्वतः हलका, पण पाणी मात्र पुष्कळ बाजूला सारतो.

माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या जवळपास असते. म्हणून 60 किलो वजनाचे आजोबा गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले, तर त्यांच्या पावलांवर वजनाचा सुमारे दहावा भाग, म्हणजे 6 किलोचाच भार उरतो. छातीच्या खालच्या टोकापर्यंत पाणी असेल तर सुमारे एक-तृतीयांश, म्हणजे 20 किलो. कमरेइतक्या पाण्यात साधारण निम्मा, म्हणजे 30 किलो.

गुडघाभर पाण्याचे गणित

आता भातखाचरात चला. तेथे पाणी फार तर पोटरीपर्यंत असते. ते अगदी गुडघ्याइतके आहे असे धरले, तरी पाण्यात बुडाले काय? पोटऱ्या आणि पावले. त्यांनी बाजूला सारलेले पाणी सहा-सात लीटर. म्हणजे पावलांवरचा भार फक्त सहा-सात किलोंनी हलका झाला.

पण गुडघ्याचे काय? एक दगड दुसऱ्या दगडावर ठेवला आहे आणि पाणी फक्त खालच्या दगडाच्या वरच्या कडेपर्यंत आहे, अशी कल्पना करा. वरचा दगड कोरडाच आहे. तो खालच्या दगडावर पूर्वीइतकाच भार टाकील. गुडघा हा या दोन दगडांमधला सांधा आहे. मांड्या, धड, डोके, हात हे सगळे पाण्याबाहेर असल्यामुळे गुडघ्यावरचा भार रतिभरही कमी होत नाही!

त्यात आजी कमरेत वाकून काम करते, चिखलात रुतलेला पाय दर पावलाला उपसून काढते. तिला कष्ट भरपूर होतात, पण गुडघ्याला विसावा मिळत नाही. कोड्याचा पहिला उलगडा हा. पाणी सांध्याच्या वर चढेल तेव्हाच ते त्या सांध्याचा भार उचलते.

जेवढा जोर, तेवढाच विरोध

पाण्याचा दुसरा गुणही बादलीतच अनुभवा. हाताचा पंजा उघडा ठेवून पाण्यातून सावकाश फिरवा. मग दुप्पट वेगाने फिरवा. विरोध दुपटीहून कितीतरी अधिक जाणवेल. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट.

वृद्धांना हा गुण फार सोयीचा आहे. लोखंडी वजन उचलताना ते हातातून निसटले तर दुखापत होते. पाण्यात मात्र हात-पाय थांबले, की विरोधही थांबतो. ज्याने-त्याने आपल्या शक्तीप्रमाणे वेग ठेवावा. शिवाय पाण्यात तोल गेला, तरी माणूस धाडकन पडत नाही, सावकाश कलतो. तेवढ्या अवधीत मेंदू स्नायूंना हुकूम देऊन तोल सावरू शकतो. पडण्याच्या भीतीने जी माणसे घराचा उंबरा ओलांडीत नाहीत, त्यांना पाण्यात पाऊल टाकण्याचा धीर येतो.

पाणी रक्तालाही दाबते

पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो. 1 मीटर खोलीवर तो पाऱ्याच्या सुमारे 74 मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. गळ्याइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांतील शिरा या दाबामुळे आवळल्या जातात आणि त्यांतले रक्त वर छातीकडे सरकते. छातीत असे सुमारे 700 मिलिलीटर जादा रक्त जमते आणि हृदय दर ठोक्याला अधिक रक्त बाहेर फेकते.

मेंदूकडे जाणाऱ्या रक्तावर याचा परिणाम होतो काय? ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना छातीपर्यंत, म्हणजे हृदयाच्या पातळीपर्यंत पाण्यात उभे केले. त्यांच्या मेंदूतील धमन्यांत रक्ताचा वेग वाढल्याचे आढळले. म्हणूनच पाण्यातल्या व्यायामाबद्दल मेंदूच्या अभ्यासकांना कुतूहल वाटू लागले. पण येथे एक सावधगिरीची सूचना. ज्यांचे हृदय दुबळे आहे किंवा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांना हे जादा रक्त झेपेलच असे नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी पाण्यात उतरू नये.

चालणे डोक्यानेही होते

"पाय चालतात, डोक्याचा त्यात काय संबंध?" असे तुम्ही विचाराल. 1997 साली स्वीडनमधील संशोधकांनी एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले. वृद्ध माणसांबरोबर चालता चालता त्यांनी गप्पा सुरू केल्या. काही जण बोलत बोलत चालत राहिले; काही जण उत्तर देण्यासाठी थबकले. पुढच्या सहा महिन्यांत थबकणाऱ्यांपैकी बहुतेक जण केव्हा ना केव्हा पडले.

याचा अर्थ काय? तरुणपणी चालणे आपोआप होते. म्हातारपणी मात्र प्रत्येक पावलाकडे मेंदूला लक्ष द्यावे लागते. बोलण्याचे काम वाढले, की लक्ष पुरेनासे होते. पाय आणि बुद्धी यांचे नाते असे घट्ट आहे. म्हणून वृद्धांच्या व्यायामवर्गात पाण्यात पुढे, मागे, आडवे चालवतानाच शंभरातून तीन-तीन वजा करीत उलटे आकडे म्हणायला लावतात, किंवा खूण होताच दिशा बदलायला सांगतात.

बुद्धीला खरोखर फायदा होतो काय?

येथे शास्त्रीय दृष्टी ठेवली पाहिजे. मेंदूकडे रक्त अधिक गेले, एवढ्यावरून स्मरणशक्ती वाढली असे सिद्ध होत नाही. गुडघा आणि खुब्याच्या झिजेबद्दल पुरावा बरा आहे. 2016 साली 13 चाचण्यांचा, एकूण 1190 रुग्णांचा एकत्र आढावा घेण्यात आला. पाण्यातल्या व्यायामानंतर वेदना आणि हालचालीतील अडचण थोडी कमी झाल्याचे त्यात दिसले. 'थोडी' हा शब्द ध्यानात ठेवा. बुद्धीबद्दलचे प्रयोग अजून लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

जमिनीवरच्या व्यायामाबद्दल मात्र 2011 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग नावाजला गेला. 120 वृद्धांपैकी निम्मे जण वर्षभर आठवड्यातून तीन दिवस भरभर चालले. उरलेल्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. स्मरणाशी संबंध असलेला मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग चालणाऱ्यांत सुमारे 2 टक्क्यांनी वाढला, तर दुसऱ्या गटात सुमारे 1.4 टक्क्यांनी घटला. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत इतका स्पष्ट फरक दिसलेला नाही. तरीही नियमित हालचाल मेंदूला हितकारक आहे, या मताला पुष्कळ आधार आहे.

तेव्हा पाण्यात जादू नाही. हित व्यायामाचे आहे. ज्याचे गुडघे जमिनीवर चालू देत नाहीत, त्याला पाणी भार उचलून व्यायामाची वाट मोकळी करून देते.

मग धरणात उतरायचे काय?

भोरजवळ वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण 1928 साली पुरे झाले. पलीकडे नीरा-देवघर आहे. वेल्हे तालुक्यात, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणतात त्या भागात, पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी ही धरणे आहेत. इतके पाणी दाराशी असताना आजी-आजोबांना तेथेच न्यावे, असे तुमच्या मनात येईल. कृपा करून असे करू नका!

धरणाच्या पाण्याखाली जुनी शेते, बांध, ओढे दडलेले असतात. एका पावलावर कंबरभर पाणी, तर पुढच्या पावलावर पुरुषभर. तळाच्या गाळात पाय रुततो. धरणाखालच्या नदीत पाणी सोडले, की पातळी एकाएकी चढते. व्यायामासाठी तळ सपाट, खोली ठरावीक, धरायला कठडा आणि शेजारी जाणता माणूस हवा. पाणीही कोमट, सुमारे 31 ते 33 अंश सेल्सिअसचे असावे; कारण पाण्यात शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी लवकर निघून जाते. अशी सोय मोठ्या शहरांत काही ठिकाणी मिळते. डोंगरातल्या वाडीवर ती नसते.

पण तत्त्व समजले, की पाण्यावाचूनही बरेच साधते. भार कमी करणे, पडण्याची भीती घालवणे आणि पायांबरोबर डोक्याला काम देणे, ही ती तीन सूत्रे. आजीला भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हातांच्या आधाराने दहा वेळा उठू-बसू द्या. दाराची चौकट धरून एका पायावर क्षणभर उभे राहू द्या. तुम्ही शेजारीच असा. मग अंगणात तिच्याबरोबर सावकाश फेऱ्या घाला आणि विचारा, "आजी, पुण्याहून भोरला येताना कोणकोणती गावे लागतात?" कात्रज, खेड-शिवापूर, कापूरहोळ, भाटघर... हे म्हणताना ती थबकते काय, तेही पाहा. थबकली तर तिला टोकू नका; तिचा हात धरा आणि फेरी पुरी करा. दुखणे वाढले किंवा दम लागला, तर मात्र थांबून डॉक्टरांचा सल्ला घ्या.

विचार करा

1. 50 किलो वजनाची आजी कमरेइतक्या पाण्यात उभी आहे. तिच्या पावलांवर साधारण किती भार येईल?

2. घोट्याचा सांधा दुखत असेल, तर गुडघाभर पाण्याचा थोडा तरी उपयोग होईल काय? का?

3. पाण्यात हात फिरवताना बोटे मिटून पंजा उघडा ठेवल्यास विरोध वाढतो, पण हात कडेने फिरवल्यास कमी होतो. असे का?