धावता धावता चालणे

‘धावणे मला जमत नाही’ असे आपल्यापैकी पुष्कळजण सांगतात, तेव्हा त्यांना खरे म्हणजे ‘न थांबता धावणे जमत नाही’ असे म्हणायचे असते. या दोन वाक्यांत बरेच अंतर आहे. शर्यतीत चालू लागणे म्हणजे हरणे, ही समजूत शाळेच्या मैदानापासून मनात इतकी पक्की बसते की दम लागलेला मुलगा चालण्याऐवजी मैदानच सोडून देतो. या समजुतीला छेद देणारी एक पद्धत मी गेली काही वर्षे वापरीत आहे. तिची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

ही पद्धत रूढ केली जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते दहा हजार मीटर धावले होते. १९७४ साली फ्लॉरिडातील टॅलाहासी येथे नवशिक्यांचा वर्ग घेताना त्यांनी धावण्याच्या मध्येमध्ये चालणे घातले. त्यातील मर्म असे की, हे चालणे थकल्यावर करायचे नसते. अगदी पहिल्या काही मिनिटांपासून, घड्याळ लावून करायचे असते. वारीत पालखीचे विसावे आधीच ठरलेले असतात, कोणाचे पाय दुखू लागले म्हणून ते ठरत नाहीत, तसेच हे.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. धावताना क्षणभर दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात आणि शरीर एका पायावर आदळते. त्या पायावर वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. चालताना एक पाय सदैव जमिनीवर असल्यामुळे हा भार पुष्कळ कमी असतो. शिवाय स्नायू वेगळ्या रीतीने वापरले जातात, श्वास खाली बसतो आणि पाणी घोटभर नीट पिता येते.

‘पण वेळ वाया जातो त्याचे काय?’ असा प्रश्न येणारच. थोडा हिशेब करू. समजा, कोणी किलोमीटरला साडेसहा मिनिटे या वेगाने चार मिनिटे धावला आणि किलोमीटरला दहा मिनिटे या वेगाने एक मिनिट चालला, तर त्याची सरासरी किलोमीटरला सात मिनिटे पडते. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर त्याला सुमारे ४ तास ५५ मिनिटांत पार करता येतील. दुसरा गडी न थांबता साडेसहाच्या वेगाने धावला, पण तिसाव्या किलोमीटरनंतर पाय गळून नऊवर आला, तर त्याला सुमारे ५ तास ५ मिनिटे लागतील. पहिला तासभर चालूनही दहा मिनिटे आधी पोहोचला!

या पद्धतीची खरी कसोटी लागते ती लागोपाठच्या शर्यतींत. फ्लॉरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड येथे २००६ साली ‘गूफी चॅलेंज’ सुरू झाले. त्यात एका दिवशी अर्धमॅरेथॉन आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण मॅरेथॉन, मिळून सुमारे ६३ किलोमीटर. २०१४ पासून त्याला ‘डोपी’ची जोड मिळाली. त्यात चार दिवसांत पाच, दहा, एकवीस आणि बेचाळीस किलोमीटर अशा चार शर्यती. येथे शत्रू अंतर नसून आदला दिवस असतो. पहिल्यांदा गड चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या कशा भरून येतात, हे आपण जाणतोच. स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा भरून यायलाही साधारण एक दिवस तरी लागतो. म्हणून पहिल्या दिवशी वाचवलेले पाय हीच दुसऱ्या दिवसाची शिदोरी.

तयारीही तशीच करावी लागते. आठवड्याच्या मध्ये दोन दिवस अर्धा-पाऊण तास धावणे पुरते. दर दोन-तीन आठवड्यांनी शनिवार-रविवारची जोडी घ्यायची. शनिवारी थोडे अंतर, तेही मुद्दाम संथ किंवा नुसते चालत. रविवारी लांब पल्ला. ही जोडी हळूहळू वाढवीत न्यायची आणि मधले आठवडे हलके ठेवायचे. शेवटची मोठी जोडी शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी संपवावी. अशा रविवारी मी उठतो तेव्हा पाय जडच असतात. त्या जड पायांनी बेताने कसे निघावे, हेच तर शिकायचे असते.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात ४२ हौशी धावपटूंची मॅरेथॉन तपासली होती. दर अडीच किलोमीटरला एक मिनिट चालणारे आणि सतत धावणारे यांच्या वेळेत फारसा फरक पडला नाही. मात्र चालणाऱ्यांची स्नायुदुखी आणि थकवा कमी होता. हृदयावरचा ताण मात्र दोन्ही गटांत सारखाच दिसला. म्हणजे चालण्याने मॅरेथॉन निरुपद्रवी होत नाही. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर घड्याळ पाहू नये, डॉक्टरांकडे जावे.

पोलीस भरतीच्या १६०० मीटरांना ही युक्ती कामाची नाही, हेही सांगितले पाहिजे. तेथे सेकंदांना किंमत असते. परंतु ज्यांना कोणतीही भरती गाठायची नाही आणि ज्यांनी दहावीनंतर मैदानाकडे पाठ फिरवली आहे, त्यांच्यासाठी ती फार मोलाची आहे. एक मिनिट धावावे, एक मिनिट चालावे, असे वीस मिनिटे करावे. आणि धाप लागण्याच्या आधी चालू लागावे. पहिल्या दिवशी कोणी हसलेच, तर हसू द्यावे. दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा मैदानावर दिसलो की पुरे.