दुधातला दुवा: लॅक्टाधेरिन

लॅक्टाधेरिन हे गायीच्या दुधातले एक प्रथिन. इगतपुरी-घोटीकडच्या मुसळधार पावसात टिकणारी, तेलकट कातडीची डांगी गाय असो की गोठ्यातली संकरित गाय, दोघींच्या दुधात ते असते. दुधातील स्निग्धांशाचा प्रत्येक थेंब पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला असतो आणि लॅक्टाधेरिन त्या पापुद्र्यावर बसलेले असते. दही घुसळताना पापुद्रे फाटतात. लोणी वर येते आणि पापुद्र्याचा बराचसा भाग ताकात उतरतो. ताकाला लोण्यामागे उरलेले पाणी समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

शरीरात लॅक्टाधेरिनचे खरे काम दुव्याचे. मरणाऱ्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा स्निग्ध रेणू उघडा पडतो. लॅक्टाधेरिनचे एक टोक त्याला धरते. दुसऱ्या टोकावर आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल अशी तीन अमिनो आम्लांची खूण असते. ती भक्षक पेशीवरच्या इंटिग्रिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. मग भक्षक पेशीच्या आत संदेश जातो आणि ती मृत पेशी गिळून टाकते. जपानमधील शिगेकाझू नागाता यांच्या गटाने हे 2002 मध्ये उंदरांच्या पेशींवर दाखवले. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत मृत पेशी साचतात आणि शरीर स्वतःवरच उलटते, असेही पुढे आढळले.

म्हणून ताक प्यायल्याने ही सफाई वाढते असे मात्र नाही. पोटात गेलेल्या प्रथिनाचे बहुतांशी पचन होते. शरीर आपले लॅक्टाधेरिन स्वतःच बनवते.