कोयता घेतांना काय पाहावें?

शेतकऱ्याचीं अवजारें पुष्कळ आहेत. नांगर नांगरटीपुरता, पाभर पेरणीपुरती, खुरपें निंदणीपुरतें. परंतु बाराहि महिने हाताशीं लागणारें अवजार म्हटलें तर तें कोयता होय. ऊस तोडणें, बांधावरील झुडपें छाटणें, कुंपणासाठीं काठ्या काढणें, हीं नेहमींचीं कामें तर त्याचीं आहेतच. पण पाय गुंतून पडलेल्या बैलाचें दावें तोडण्याची किंवा वादळांत आडव्या पडलेल्या फांदींतून गाडीस वाट करून देण्याची वेळ आली, तर दुसरें कांहीं उपयोगीं पडत नाहीं. ऊसतोडीच्या धंद्यांत तर नवराबायकोच्या जोडीसच 'एक कोयता' असें म्हणतात, व मुकादमाची उचलहि कोयत्याच्या हिशेबानें ठरते. असें असूनहि बैल घेतांना दांत मोजणारा व जमीन घेतांना सात-बारा चारदां पाहणारा शेतकरी कोयता मात्र आठवड्याच्या बाजारांत उभ्या उभ्या, केवळ चकाकी पाहून घेतो. ह्याचा परिणाम पुष्कळदां खिशावर व कधीं कधीं हातापायावर होतो.

पूर्वीं ही परीक्षा करण्याचें कारण पडत नसे. लोहार हा बारा बलुतेदारांपैकीं एक. सुगीच्या वेळीं त्यास खळ्यावर धान्य मिळे, व त्याबद्दल वर्षभर गांवचीं अवजारें करणें, पाजविणें व दुरुस्त करणें हें त्याचें काम असे. वाईट माल दिला तर त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावर त्यास पुन्हां उभें राहावें लागे. म्हणजे मालाची हमी त्या व्यवस्थेंतच होती. आतां करणारा एका जिल्ह्यांत, विकणारा दुसऱ्यांत व वापरणारा तिसऱ्यांत, अशी स्थिति आहे. तेव्हां हमी देणारा कोणी नसेल तेथें परीक्षा घेणाऱ्यानेंच केली पाहिजे. ती कठीण नाहीं. पोलाद, पाणी, मूठ व ठेवण ह्या चार गोष्टी क्रमानें पाहिल्या म्हणजे झालें.

पोलाद. लोखंडास कठीणपणा येतो तो त्यांतील कर्बामुळें. ज्यांत कर्ब शेंकडा पावपेक्षां कमी असतो तें साधें लोखंड. तें कितीहि तापवून विझविलें तरी धार धरण्याइतकें कठीण होत नाहीं. कोयत्यास शेंकडा अर्धा टक्का किंवा किंचित् अधिक कर्ब असलेलें पोलाद उत्तम. मोटारीच्या व ट्रकच्या कमानीचे पाटे अशाच पोलादाचे असतात, म्हणून समजदार लोहार जुना पाटा मिळवून त्याचे कोयते घडवितात. तें पोलाद चिवटहि असतें व कठीणहि होतें.

मात्र "पाट्याचा आहे" एवढ्या शब्दावर विश्वासूं नये. दुकानांत सहाणेचें चाक असेल तर पात्याच्या पाठीचा कोपरा क्षणभर त्यास लावावयास सांगावें. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ उडतात आणि त्यांस फांटे थोडे असतात. पोलादाच्या ठिणग्यांना टोकाशीं भुईनळ्यासारखे पुष्कळ फांटे फुटतात. दोन्ही एकदां शेजारीं शेजारीं पाहिल्या म्हणजे फरक कायमचा ध्यानांत राहतो.

जुन्या पाट्याचा एक दोष असा कीं, वर्षानुवर्षें वांकून त्यास कधीं कधीं केसासारखी बारीक चीर पडलेली असते. कोयता दोऱ्यानें टांगून त्यावर लहान हातोडीनें टिचकी मारावी. नाद खणखणीत व लांबणारा आला तर ठीक. बद्द आला तर संशय धरावा. संशय असल्यास पात्यास रॉकेल लावून कांहीं वेळानें तें स्वच्छ पुसावें व वर खडू घासावा. चीर असेल तर आंत मुरलेलें रॉकेल बाहेर येऊन खडूवर काळसर रेघ उमटते. असें पातें फुकट मिळालें तरी घेऊं नये.

पाणी. चांगलें पोलाद वाईट हातीं पडलें तर तेंहि कुचकामी होतें. पातें लालबुंद तापवून एकदम विझविणें, ह्यास पाणी देणें म्हणतात. तापविण्याची खूण अशी कीं, सुमारें ७७० अंश सेंटिग्रेडच्या वर लोखंडास लोहचुंबक चिकटत नाहीं. चुंबक सुटला म्हणजे थोडा अधिक ताव देऊन पातें विझवावें. पाट्याचें पोलाद थंड पाण्यांत विझविल्यास तडकण्याचा संभव असतो, म्हणून तें तेलांत विझविणें बरें.

विझविलेलें पातें कांचेसारखें ठिसूळ असतें. तें तसेंच विकणें म्हणजे गिऱ्हाइकास धोक्यांत घालणें होय. त्यास पुन्हां मंद ताव देऊन चिवटपणा आणावा लागतो. घासून उजळ केलेल्या पात्यावर ह्या वेळीं रंग चढत जातात: सुमारें २२० अंशांवर गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, व ३०० अंशांच्या सुमारास निळा. वस्तऱ्यास पिवळा रंग पुरे. पण घाव घालण्याच्या कोयत्यास जांभळ्या-निळ्यापर्यंत उतरविलेलें पाणी योग्य. धारेचा भाग कठीण व पाठ नरम राहिली तर अधिक चांगलें, कारण धार काम करते व पाठ धक्का सोसते.

घेणाऱ्यानें ही परीक्षा कानशीनें करावी. बारीक दांत्यांची नवी कानस धारेवर हलकेच फिरवावी. ती लाकडांत शिरावी तशी शिरली तर पाणी दिलेलें नाहीं किंवा तें उतरलें आहे. कांचेवरून सरकावी तशी सरकली तर पातें फार कठीण आहे. दगड लागतांच दांते पडतील. कानस थोड्या जोरानें धरते व बारीक कीस काढते, तें पाणी बेताचें समजावें. शेतांत धार कानशीनेंच लावावयाची असते, म्हणून हाच बेत सोयीचा.

मूठ. कोयत्याचा अपघात बहुधा मुठींतून होतो. पात्याची शेपटी बोटभर लांब व वर लाख भरलेली असली म्हणजे मूठ प्रथम घट्ट दिसते. पण उन्हानें लाख मऊ होते, लाकूड आटतें, आणि ऐन घावाच्या वेळीं पातें निसटून शेजारच्या माणसाच्या अंगावर जातें. फडांत माणसें जवळजवळ काम करीत असतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या दोषाचें गांभीर्य कळेल. शेपटी मुठीच्या सबंध लांबीइतकी असावी. एक तर ती मुठींतून आरपार जाऊन मागें वांकवून ठोकलेली असावी. नाहीं तर रुंद शेपटीच्या दोन्ही बाजूंस लाकडी फळ्या बसवून त्यांतून दोन-तीन खिळे आरपार ठोकलेले असावेत. लाकूड बाभूळ, शिसम किंवा धामण ह्यांपैकीं व उभ्या रेषेचें असावें. मुठीवर गुळगुळीत रंग दिलेला असल्यास तो खरवडून टाकावा; घामानें हात निसटतो, व रंगाखालीं लाकडाची फटहि लपलेली असते.

ह्याच कसोटीनें हल्लीं चित्रें दाखवून घरपोंच विकल्या जाणाऱ्या, "रानावनांत जीव वांचविणाऱ्या" म्हणून वाखाणलेल्या सुऱ्यांकडे पाहावें. पाठीवर करवतीचे दांते, मूठ पोकळ व तिच्या टोपणांत होकायंत्र, असा त्यांचा थाट असतो. परंतु मूठ पोकळ म्हणजे शेपटी आंत नाहीं. आणि सगळा जोर जेथें पडतो त्या सांध्यावरच असें पातें बहुधा मोडतें. न गंजणारें पोलाद भाजी चिरण्यास चांगलें. पण तें स्वस्तांत मिळतें तेव्हां बहुधा नरम असतें व धार टिकवीत नाहीं. संकटांत उपयोगीं पडणारें पातें तेंच, जें रोजच्या कामांत टिकतें.

ठेवण. काम तसा कोयता असावा. ऊस बुंध्याशीं, जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखरेचा अंश बुडख्यांत अधिक असतो. त्यासाठीं पातळ, रुंद व हलकें पातें हवें, म्हणजे दिवसभरांत मनगट भरून येत नाहीं. लाकूड तोडणाऱ्यास पाठ जाड व वजन टोंकाकडे असलेला कोयता हवा, म्हणजे वजनच घाव घालतें. कोंकणांत पात्याचें टोंक आंत वळलेलें असतें, तें फांदी ओढून तोडण्यास सोयीचें. व तो कमरेस मागें आकडींत अडकवितात म्हणून झाडावर चढतांना दोन्ही हात मोकळे राहतात. एकाच कोयत्यानें सर्व कामें करूं पाहणारा लवकरच दोन कोयते मोडतो.

किंमत व निगा. किंमत एकदां न मोजतां हंगामावर मोजावी. समजा, एक कोयता दोनशें रुपयांस मिळून एकच हंगाम टिकला, व दुसरा पांचशेंस मिळून पांच हंगाम टिकला. तर पहिला दरसाल दोनशेंस पडला व दुसरा शंभरास. धारेसाठीं रोज वायां जाणारा वेळ पहिल्याच्या खातीं आणखी मांडावा. निगाहि अल्प आहे. उसाचा रस सुकूं न देतां पातें धुवून, पुसून तेलाचा हात द्यावा. मुठीस वर्षांतून दोनदां जवसाचें तेल पाजावें. विजेच्या चाकावर धार लावतांना पातें वरचेवर पाण्यांत बुडवावें. धार निळी पडली कीं त्या ठिकाणचें पाणी उतरलें असें समजावें.

कायद्याविषयीं दोन शब्द. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांतील शस्त्राच्या व्याख्येंतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठीं केलेल्या वस्तु वगळल्या आहेत. म्हणून शेतावर कोयता बाळगण्यास परवाना लागत नाहीं. तथापि १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वयें जिल्हादंडाधिकारी ठराविक मुदतीसाठीं इजा करण्यास उपयोगीं पडणाऱ्या वस्तु बाळगण्यास मनाई करूं शकतात. असा हुकूम जाहीर झाला असतां बाजारांतून नवा कोयता आणतांना तो गुंडाळून, पावतीसह व सरळ घरीं आणावा. यात्रेंत, सभेंत किंवा निवडणुकीच्या गर्दींत तर तो केव्हांहि नेऊं नये.

शेवटीं एक सूचना. गांवांतील दहा-पंधरा शेतकऱ्यांनीं मिळून पाटा आपण आणून द्यावा, जवळच्या कुशल लोहाराकडून कोयते करवून घ्यावेत, प्रत्येकावर त्याची खूण ठोकवावी, व पहिल्या हंगामांत पातें मोडल्यास बदलून देण्याचा करार करून त्यास चांगला दाम द्यावा. बलुत्याची पद्धति गेली ती परत यावयाची नाहीं. पण करणाऱ्यानें मालाची जबाबदारी घ्यावी व घेणाऱ्यानें तिचें मोल द्यावें, हें त्या पद्धतींतील मर्म आजहि साधण्यासारखें आहे. त्यानें कोयता चांगला मिळेल, व चांगला लोहारहि गांवापाशीं टिकेल.