काठावरची गर्दी

दुपारचे चार वाजत आले की बोर्निओ बेटावरच्या सुकाऊ गावातून लहान लहान बोटी नदीत शिरू लागतात. किनाबातांगान नदीचे पाणी दुधाच्या चहासारखे गढूळ, आणि दोन्ही तीरांवरची झाडे पाण्यावर ओणवलेली. बोट काठाशी घेऊन नावाडी इंजिन बंद करतो आणि थोड्याच वेळात फांद्या हलू लागतात. लोंबत्या नाकाचा, तांबूस पाठीचा नर पुढे आणि पोरांना छातीशी धरलेल्या माद्या मागे. हे प्रोबॉसिस माकड बोर्निओखेरीज जगात कोठेही निसर्गतः आढळत नाही. पुढच्या वळणावर धनेशाची जोडी, वाळक्या फांदीवर पंख सुकवत बसलेला तिरंदाज, चिखलात पसरलेली मगर. दैव बलवत्तर असेल तर ओरांगउटान, आणि कधी काठच्या उंच गवतात उभा असलेला हत्तींचा कळपसुद्धा. ताडोब्यात एका वाघासाठी दोन दिवस जिप्सीत धूळ खाल्लेल्या माणसाला वाटावे, जंगल असावे तर असे!

पण घनदाट विषुववृत्तीय अरण्यात प्राणी असे दिसत नसतात. तिथे झाडे इतकी दाट आणि उंच, की दहा पावलांवरचा प्राणीही पानांआड नाहीसा होतो. मग इथेच ते इतके सहज का दिसतात?

पहिले उत्तर माकडांच्या सवयीत आहे. ही माकडे मुख्यतः पाने आणि कच्ची फळे खातात. त्यांचे पोट अनेक कप्प्यांचे असते आणि त्यातले जिवाणू पाने आंबवून पचवतात. गोड, पिकलेली फळे मात्र पोटात वेगाने फसफसतात, म्हणून ती टाळली जातात. याच नदीच्या खोऱ्यात केलेल्या निरीक्षणांतून 2011 साली प्रसिद्ध झाले, की ही माकडे गाईम्हशींप्रमाणे खाल्लेले पुन्हा तोंडात आणून चघळतात. दिवसभर आत चरून संध्याकाळी ती झोपायला नदीकाठच्या झाडांवर येतात. एका बाजूला पाणी असले की क्लाउडेड लेपर्डसारख्या शिकाऱ्याला तेवढ्या वाटा कमी, असे अभ्यासक मानतात. बोटी पहाटे आणि संध्याकाळीच का निघतात, याचे हेच कारण.

दुसरे उत्तर नदीचे. सुमारे 560 किलोमीटर लांबीची किनाबातांगान ही मलेशियाच्या साबा राज्यातली सर्वांत लांब नदी. डोंगराळ भागातून निघून ती पूर्वेला सुलू समुद्राला मिळते. खालच्या सपाटीवर ती संथ होते, नागमोडी वळते, वळणे तोडून मागे नालाकृती सरोवरे सोडते. दरवर्षीचे पूर गाळ पसरवतात. अशा सुपीक जमिनीवर पाने, फळे, गवत यांना तोटा नसतो आणि खाणारेही तिथे जमतात.

तिसरे उत्तर मात्र बोटीतून दिसत नाही. ते दिसते सुकाऊला येताना, रस्त्यावर. सांदाकान शहरातून मोटारीने दोन-अडीच तासांचा प्रवास. त्यातला बराचसा वेळ खिडकीबाहेर एकच झाड असते. सारख्या उंचीचे, सारख्या अंतरावर लावलेले ऑइल पाम.

नदीच्या गाळावर प्राण्यांइतकाच या झाडाचाही डोळा होता. मूळचे ते पश्चिम आफ्रिकेतले. साबामध्ये आधी मोठमोठे वृक्ष तोडले गेले आणि सांदाकान हे लाकडाचे नामांकित बंदर झाले. लाकूड सरत आल्यावर, विशेषतः 1980 नंतर, त्या जमिनीवर ऑइल पामचे मळे पसरले. उरले ते मुख्यतः पाणी साचणारे, पामला न मानवणारे तुकडे. 2005 साली यांतल्या सुमारे 26,000 हेक्टरांना अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण हे अभयारण्य सलग नाही. नदीच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले त्याचे दहा भाग आहेत आणि मधूनमधून मळे थेट पाण्यापर्यंत येतात.

म्हणजे बोटीतून अथांग वाटणारे अरण्य अनेक ठिकाणी एक अरुंद पट्टी आहे. पुरात गावातली माणसे, गुरे, कुत्री एकाच उंचवट्यावर गोळा व्हावीत, तशी ही गर्दी. त्या उंचवट्याकडे पाहून गावाची भरभराट मोजता येत नाही.

पट्टी तुटली की काय होते? हत्तींना चारा शोधत लांबवर फिरावे लागते. बोर्निओच्या जंगलात आज सुमारे 1,000 हत्ती उरले आहेत आणि 2024 साली त्यांची नोंद धोक्यातील प्राणी म्हणून झाली. मळ्याची विजेची कुंपणे आणि गावातली घरे यांमधून त्यांना वाट काढावी लागते. ओरांगउटानला पोहता येत नाही. पूर्वी ओढ्यांवर दोन्ही काठांच्या फांद्या एकमेकींत मिसळत, त्यांवरून तो पलीकडे जाई. मोठी झाडे गेली तशा त्या वाटाही गेल्या.

इथल्या नदीकाठच्या लोकांना ओरांग सुंगाइ म्हणतात. मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि सुंगाइ म्हणजे नदी. ओरांगउटान हाही त्याच भाषेतला, जंगलाचा माणूस. नदीच्या माणसांनी जंगलाच्या माणसासाठी ओढ्यांवर दोरांचे पूल बांधले. 1998 साली सुकाऊत सुरू झालेल्या एका संवर्धन प्रकल्पाचे हे काम. कित्येक वर्षांनी का होईना, ओरांगउटान त्या पुलांवरून जाताना छायाचित्रांत टिपले गेले. वरच्या अंगाला बातू पुतेह गावातले लोक पर्यटकांना घरी ठेवून घेतात आणि ओसाड तुकड्यांवर पुन्हा देशी झाडे लावतात. बोटीत बसणाऱ्या पाहुण्यामुळे उभ्या झाडाला किंमत येते, हेही खरे.

आता आपल्या घरात येऊ. पामतेलाची जगात सर्वाधिक आयात भारत करतो आणि त्यातले बहुतेक तेल इंडोनेशिया व मलेशियातून येते. दुकानातली शेव, बिस्किटे, साबण, वनस्पती तूप यांत ते असतेच. यंदाच्या तयार फराळाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली तर बहुधा ‘पामोलिन’ सापडेल. नुसत्या बहिष्काराने मात्र प्रश्न सुटत नाही. एका हेक्टरात पाम जितके तेल देतो, तितके मिळवायला सोयाबीनला कितीतरी पट जमीन लागेल, आणि ती जमीनही कुठल्या तरी जंगलातून येऊ शकते. खरा प्रश्न पाम कुठे लावायचा आणि नदीकाठी किती रान सोडायचे हा आहे. 2021 साली केंद्र सरकारने पामतेलासाठी राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्याचा विशेष भर ईशान्य भारत आणि अंदमानवर आहे. तेव्हा हा प्रश्न आता परक्या बेटाचा राहिलेला नाही.

अंधार पडता पडता बोटी परततात. माकडांनी झोपायच्या फांद्या धरलेल्या असतात. एका फेरीत किती प्राणी दिसले, याची बेरीज प्रत्येक बोटीत चालू असते. नावाड्याला आणखी एक गोष्ट विचारावी: या झाडांच्या मागे रान किती खोल आहे? काही वळणांवर तो हाताने दूरवर दाखवील. काही वळणांवर फांद्यांच्या फटीतूनच पलीकडच्या मळ्याच्या सरळ रांगा दिसतील, त्याला सांगावेही लागणार नाही.