वारा पडला तरी दिवे का जात नाहीत?

पवनचक्कीच्या विजेचा विषय निघाला की अंधेरी-बोरिवलीच्या सोसायट्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते : वारा पडला की बत्ती गुल! वारा पडतो, हे खरे. बत्ती मात्र जात नाही.

मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडला की पलीकडे राज्य भार प्रेषण केंद्र आहे. तिथल्या पडद्यावरचा वारंवारितेचा आकडा सतत ५० हर्ट्झच्या आसपास राहावा लागतो. मागणीच्या मानाने वीज कमी पडली की तो घसरतो. बंद असलेला कोळशाचा संच पेटवून पूर्ण भाराला आणायला काही तास जातात. कोयनेचा जलविद्युत संच मात्र काही मिनिटांत सुरू होऊन पडलेल्या वाऱ्याची तूट भरून काढू शकतो. वारा जोरात असला, तर तोच संच थांबवून पाणी राखता येते.

दुसरा समज जरा अभ्यासू मंडळींचा : पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात वारा, अशी निसर्गानेच वाटणी करून दिली आहे. सह्याद्रीत तसे नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरची पाती सर्वांत जोमाने फिरतात ती नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर, आणि त्याच महिन्यांत कोयना धरण भरते. तरीही जोडी जमते, कारण पाणी साठवता येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेचे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच विजेसाठी पश्चिमेकडे वळवायची मुभा दिली. क्षमता १,९६० मेगावॉट असली तरी वर्षभर पुरवायचे ते एवढेच. म्हणून जुलैत वाऱ्यामुळे न वापरलेला वाटा एप्रिलच्या उकाड्यात, घाटकोपरचे एसी एकदम सुरू होतात तेव्हा, कामी येऊ शकतो. डेन्मार्कचा वारा आणि नॉर्वेचे जलाशय समुद्राखालच्या केबलने १९७०च्या दशकापासून असेच जोडलेले आहेत.

उदंचन प्रकल्प फुकट वीज ‘तयार’ करतात, हाही गैरसमजच. २५० मेगावॉटच्या घाटघरला मागणी कमी असताना खालच्या धरणातले पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडतात. या फेऱ्यात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा वीज खर्ची पडते. पण जास्तीचा वारा वाया घालवण्यापेक्षा हा तोटा नक्कीच परवडतो.

पाण्याची वीज कोणाला न दुखवता आली, असे मात्र कोणी म्हणू नये. मुंबईला वीज देणाऱ्या भिरा जलविद्युत केंद्राचे पाणी मुळशी धरणाचे. त्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. त्याच भिऱ्यात पुढे १५० मेगावॉटचा उदंचन संच बसला, नवे खोरे न बुडवता. वाऱ्याला जोड शोधताना आधी असे जुने जलाशय तपासायला हवेत.