सहाध्यायाच्या लेखनाची चिकित्सा

पदव्युत्तर वर्गात निबंध किंवा प्रबंधिकेचे प्रकरण अध्यापकांकडे जाण्यापूर्वी सहाध्यायाने वाचावे, ही अपेक्षा आता नवी राहिलेली नाही. वाचणाऱ्याने नेमके काय करावयाचे, याची कल्पना मात्र बहुधा अस्पष्ट असते. परत आलेल्या कागदांवर दोनच गोष्टी आढळतात : ऱ्हस्वदीर्घाच्या तांबड्या खुणा आणि शेवटी ‘लेख चांगला आहे’ हा शेरा. पहिलीने लेखकाचा विचार पुढे सरकत नाही. दुसरीने तर काहीच होत नाही.

वस्तुतः मराठी गद्याच्या आरंभकाळीच या चिकित्सेचे उत्तम नमुने सापडतात. चक्रधरांचे लोणार व मेहकर येथील वास्तव्य ज्या लीळाचरित्रात आले आहे, तो ग्रंथच मुळी अनेकांच्या पडताळणीतून सिद्ध झाला. म्हाइंभटांनी लीळा प्रत्यक्षदर्शींकडून गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. पुढे मूळ पोथी नष्ट झाल्यावर शिष्यांनी स्मरणातून पाठ सिद्ध केले. त्या वेळी एखाद्याची आठवण निराळी असल्यास ती खोडून न टाकता त्याच्या नावाने ‘वासना’ म्हणून नोंदविली गेली. मतभेद नोंदवावा, पण मूळ मजकूर पुसू नये, हे तत्त्व यापेक्षा स्पष्ट कोणते?

भास्करभट्ट बोरीकरांची हकीकत याहून बोलकी आहे. ‘शिशुपाळवध’ वाचून ज्येष्ठ गुरुबंधूने अभिप्राय दिला, तो असा की ग्रंथ उत्तम उतरला आहे, परंतु शृंगारामुळे तो निवृत्तिमार्गीयांस योग्य नाही. या अभिप्रायात गुण मान्य केला आहे, उणीव दाखविली आहे, आणि ती कोणत्या वाचकाच्या दृष्टीने उणीव ठरते हेही सांगितले आहे. भास्करभट्टांनी काव्याची मोडतोड केली नाही. त्यांनी ‘उद्धवगीता’ हा निराळा ग्रंथ रचला. अभिप्राय स्वीकारणे म्हणजे प्रत्येक सूचनेबरहुकूम फेरफार करणे नव्हे.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. बुलढाण्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग सर्वांस परिचित आहेत. पश्चिमेस खानदेश, दक्षिणेस मराठवाडा. मलकापूर तालुक्यातील एखाद्या वृद्धेची कहाणी विद्यार्थ्याने जशीच्या तशी उतरवून घेतली आणि सहाध्यायाने ‘मले’चे ‘मला’, ‘डोया’चे ‘डोळा’ केले, तर त्याने शुद्धलेखन सुधारलेले नसते. पुरावा नष्ट केलेला असतो. चतुर्थीचा ‘ले’ प्रत्यय आणि ‘ळ’च्या जागी येणारा ‘य’ हाच तर त्या निबंधाचा विषय! १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेले व १९७२ मध्ये वाढविलेले लेखनविषयक नियम प्रमाणलेखनासाठी आहेत. त्या नियमांतही जुन्या गद्यपद्याचे उतारे मूळानुसार छापावेत, असे सांगितलेले आहे. (नियमांचा आग्रह धरणारे हा नियम क्वचितच वाचतात.) हेच ‘मले’ विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विवेचनात आले, तर मात्र खूण करणे योग्य, पण तेथेही ‘अशुद्ध’ न म्हणता ‘येथे प्रमाणरूप हवे’ असे लिहावे. बोलीला अशुद्ध ठरविणारा शेरा लेखकाच्या घरापर्यंत पोहोचतो, आणि पुढच्या खेपेस तो विद्यार्थी आपली बोली वहीत उतरवीतच नाही.

उलट सहाध्यायी जे करू शकतो ते कित्येकदा मार्गदर्शकालाही साधत नाही, कारण तो स्वतः त्या बोलीचा भाषक असतो. ‘वऱ्हाडीत असे बोलतात’ या विधानापुढे ‘मुद्दा स्पष्ट नाही’ असे लिहिण्याऐवजी त्याने विचारावे : ‘ही तिन्ही उदाहरणे एकाच गावची दिसतात, आमच्याकडे चिखलीस हे रूप तपासले काय?’ अशा एका प्रश्नाने विधानाची मर्यादा ठरते आणि लेखकाला पुन्हा क्षेत्राकडे जावे लागते. एका निबंधावर असे दोन-तीन प्रश्न पुरेत. वीस खुणांमध्ये महत्त्वाची खूण हरवते.

सूचना मिळालेली प्रत फाडून नवी तयार करण्याची घाई करू नये. सूचना ज्याची असेल त्याचे नाव समासात राहू द्यावे, आणि ती स्वीकारली नसेल तर तिच्याखाली एका ओळीत कारण लिहावे, म्हणजे पुढे मार्गदर्शकास दोन्ही बाजू एकाच पानावर वाचावयास मिळतात.