ओळखीचे अरण्य

२४ डिसेंबर १९७१. नाताळचा आदला दिवस. पेरूची राजधानी लिमा येथील विमानतळावर सणासाठी घरी निघालेल्या प्रवाशांची एकच गर्दी उसळली होती. अरण्याकाठच्या पुकाल्पा शहराकडे जाणारे 'लान्सा' कंपनीचे विमान कित्येक तासांच्या विलंबाने अखेर आकाशात झेपावले. त्यातील ९२ जणांत सतरा वर्षांची युलियाने कोप्के आणि तिची आई मारिया याही होत्या. मारियांना खरे तर आधीच निघायचे होते; परंतु शाळेचा पदवीदान समारंभ चुकवू नये, असा मुलीचा आग्रह होता. समारंभ २३ तारखेला पार पडला आणि दुसऱ्या दिवशी मायलेकी निघाल्या.

अँडीज पर्वत मागे पडला आणि विमान काळ्याकुट्ट ढगांत शिरले. सामानाचे कप्पे उघडून बॅगा अंगावर कोसळू लागल्या. खिडकीतून विजेचा प्रखर लोळ दिसला. आता सारे संपले, असे आईने म्हटल्याचे युलियानेला पुढे आठवत राहिले. दुसऱ्याच क्षणी शेजारी आई नव्हती, विमानही नव्हते. पट्ट्याने आसनाला बांधलेली ती मुलगी सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून खाली येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शुद्धीवर आली, तेव्हा भोवती घनदाट अरण्य होते. गळ्याजवळचे हाड मोडले होते, दंडावर खोल जखम होती, डोळे सुजले होते. जवळचा चष्मा हरवला होता, पायांत एकच चप्पल उरली होती. वादळातील वर उसळणारे वारे, आसनांच्या ओळीचे गरगरत खाली येणे आणि वेलींचे दाट जाळे यांमुळे आघात सौम्य झाला असावा, असा तर्क केला जातो. येथवरचे श्रेय दैवाला द्यावे लागेल. पुढचे अकरा दिवस मात्र निव्वळ दैवावर निभावणारे नव्हते.

आईवडिलांची शिकवण

युलियानेचे आईवडील दोघेही जर्मन प्राणिशास्त्रज्ञ. मारिया या पक्ष्यांच्या नामवंत अभ्यासक. या दांपत्याने १९६८ मध्ये पेरूच्या वर्षावनात 'पांगुआना' हे संशोधन केंद्र उभारले. तेथील एका पक्ष्याचे स्थानिक नावच त्यांनी केंद्राला दिले होते. त्या अरण्यात युलियाने सुमारे दीड वर्ष राहिली होती. इतरांना जे भयाण वाटावे, ते तिच्या ओळखीचे होते.

आईचा शोध घेत ती बराच वेळ हाका मारीत फिरली; उत्तर आले नाही. वाटेत मिठाईची एक पिशवी सापडली, तेवढेच काय ते अन्न. शोध घेणाऱ्या विमानांची घरघर ऐकू येई. परंतु झाडांच्या छताखालची मुलगी वरून दिसणे शक्यच नव्हते. इतक्यात तिला एक बारीक झरा दिसला. वाट चुकल्यास वाहत्या पाण्याच्या दिशेने जावे, कारण ओढा नदीला मिळतो आणि नदीकाठी माणसे असतात, हे वडिलांनी शिकविले होते. ती त्या पाण्यासोबत निघाली. पाय टाकण्यापूर्वी उरलेली चप्पल पुढे फेकून साप नसल्याची खात्री करून घेई. उथळ कडेला विषारी काट्यांचे मासे दबा धरून असतात, हे ठाऊक असल्याने नदी लागल्यावर प्रवाहाच्या मधोमध पोहत राहिली. अनोळखी फळाला तिने भुकेपोटीही हात लावला नाही.

चौथ्या दिवशी गिधाडांच्या पंखांचा आवाज आला. पुढे जाऊन पाहते तो आसनांची एक ओळ जमिनीत रुतलेली आणि त्यावर तीन मृतदेह. त्यांतील एक स्त्री होती. युलियानेने धीर करून काठीने तिच्या पायाकडे पाहिले. नखे रंगविलेली होती. आई नखे कधीच रंगवीत नसे. ती पुढे निघाली.

एके दिवशी होॲट्झिन या पक्ष्याचा आवाज कानी पडला. हा पक्षी मोकळ्या पाण्याच्या काठीच घरटे बांधतो, हे पक्षितज्ज्ञ आईच्या लेकीला ठाऊक होते. मोठी नदी जवळच होती.

दहाव्या दिवशी नदीकाठी एक होडी आणि जवळच लाकूडतोड्यांचे खोपटे आढळले. दंडावरच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. वडिलांनी एकदा कुत्र्याच्या जखमेवर असाच उपाय केलेला तिने पाहिला होता. होडीच्या इंजिनाचे पेट्रोल तिने जखमेत ओतले आणि असह्य वेदना सोसत सुमारे तीस अळ्या काढल्या. होडी समोर असूनही ती घेऊन निघाली नाही. दुसऱ्याची वस्तू चोरणे तिला पटले नाही. दुसऱ्या दिवशी तीन माणसे आली. प्रथम तिला जलदेवता समजून ती दचकली. तिने स्पॅनिशमध्ये आपली कहाणी सांगितली, तेव्हा त्यांनी तिला जेवू घातले, जखमांवर उपचार केले आणि होडीतून वस्तीवर पोहोचविले.

परतफेड

विमानातील इतर ९१ जणांपैकी कोणीही जिवंत परतले नाही. मारियांचा मृतदेह १२ जानेवारी १९७२ रोजी मिळाला. काही प्रवासी पडल्यानंतरही काही काळ जिवंत असावेत आणि त्यांत आपली आईही असावी, हे युलियानेला पुढे कळले. मीच का वाचले, हा प्रश्न तिच्या मनातून कधी गेला नाही. समारंभाच्या हट्टाची खंत तर त्याहून जवळची होती.

त्या प्रश्नाला शब्दांत उत्तर नव्हते. त्यांनी ते कामातून शोधले. जर्मनीत प्राणिशास्त्र शिकून त्या पेरूच्या त्याच वर्षावनात परतल्या आणि तेथील वटवाघळांवर संशोधन करून १९८७ मध्ये म्युनिक येथे डॉक्टरेट मिळविली. १९९८ मध्ये चित्रपट दिग्दर्शक वेर्नर हेर्त्सोग यांच्यासमवेत त्या अपघातस्थळी गेल्या. त्याच विमानात हेर्त्सोग यांनाही जागा हवी होती, ती मिळाली नव्हती. वडिलांच्या निधनानंतर २००० मध्ये 'पांगुआना'ची धुरा त्यांनी स्वीकारली. २०११ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी पेरू सरकारने 'पांगुआना'ला संरक्षित क्षेत्राचा दर्जा दिला. प्रारंभी दोनशे हेक्टरांहून कमी असलेले हे क्षेत्र पुढे सुमारे १६०० हेक्टरांपर्यंत विस्तारले.

ज्या अरण्याने आई हिरावली, त्याच अरण्याने लेकीला वाट दाखविली. कारण त्याची भाषा आईवडिलांनी तिला आधीच शिकवून ठेवली होती. ते ऋण तिने फेडले, ते त्या अरण्याची झाडे उभी ठेवून.